मुरूम आणि ताट: आहाराची चाचणी घरी नीट कशी करावी

मुरमांसाठी पथ्य धरणारे बरेचजण एकाच सोमवारी तेलकट, तिखट, दूध, साखर आणि चहा सोडतात. सोबत कोमट पाण्यात मध-लिंबू सुरू होतं, नवा फेसवॉश येतो. दहा दिवसांनी आरशात पाहून निकाल लावला जातो: काही फरक नाही. कधी योगायोगाने चेहरा निवळतो, मग नेमकं कशाने निवळला ते कळत नाही आणि माणूस वर्षानुवर्षं सगळंच टाळत राहतो.

दहा दिवसांत निकाल लागत नाही, कारण आज हनुवटीवर दिसणारी पुळी आज तयार झालेली नसते. केसाच्या छिद्रात मृत पेशी आणि तेल अडकून आतल्या आत बूच बसतं, आणि ते फुगून लाल व्हायला कित्येक आठवडे जातात. आज ताट बदललं तरी पुढचा महिनाभर जुन्या बुचांचे मुरूम येतच राहणार. म्हणून एका वेळी एकच बदल करायचा आणि त्याला पूर्ण मुदत द्यायची. पुढचे सहा टप्पे याच क्रमाने करा.

टप्पा १: चाचणी तुमच्यासाठी आहे का, ते ठरवा

कपाळ, गाल, हनुवटीवर ब्लॅकहेड, व्हाइटहेड आणि अधूनमधून लाल पुळ्या असतील, तर घरी चाचणी करायला हरकत नाही. पुढीलपैकी काहीही असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. आहार सोबत सुधारता येईल, पण त्याच्या भरवशावर थांबू नका.

- त्वचेखाली खोल, दुखऱ्या गाठी येतात किंवा पुळी गेल्यावर खड्डा राहतो. खड्डे भरून काढणं अवघड असतं. इथे तीन महिने वाट पाहणं महागात पडतं.
- पाळी अनियमित आहे, हनुवटीवर राठ केस येत आहेत, डोक्यावरचे विरळ होत आहेत. पीसीओएसची (अंडाशय आणि संप्रेरकांच्या बिघाडाची) तपासणी लागेल.
- मानेच्या मागे आणि काखेत त्वचा काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली आहे.

ही काळी मान मळ समजून घासली जाते. लिंबू, खाण्याचा सोडा, काथ्या असं सगळं वापरून होतं, आणि घासण्याने ती आणखी काळी पडते. बहुतेकदा हे शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नसल्याचं चिन्ह असतं. उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्या. वजन आणि साखर ताब्यात आली की मान हळूहळू, काही महिन्यांत उजळते.

तोंडाभोवतीची पुरळ प्रत्येक वेळी मुरमांचीच असते असंही नाही. आंब्याच्या मोसमात ओठांच्या कडेला खाज सुटून बारीक फोड आले, तर देठाजवळच्या चिकाकडे पाहा. साल आणि चीक यांतल्या द्रव्यांनी त्वचेला ॲलर्जी होते. देठ काढून, आंबा पाण्यात ठेवून, धुऊन, साल काढून खाल्ला की हा त्रास बहुधा टळतो. त्याला ‘आंबा उष्ण पडला’ म्हणून आंबाच बंद करू नका.

टप्पा २: ताटाबाहेरची कारणं आधी आवरा

ही पायरी गाळली तर पुढचे तीन महिने वाया जातात. आहार उत्तम सांभाळला आणि कपाळाला रोज तेल लागत राहिलं, तर दोष आहाराच्या माथी येतो.

१. केसांचं तेल. कपाळावर आणि कानशिलांजवळ बारीक, एकसारखे दाणे असतील तर पहिला संशय तेलावर घ्या. खोबरेल छिद्रं बुजवणारं आहे. तेल लावायचंच तर न्हाण्याआधी तासभर लावा, रात्रभर ठेवू नका. उशीचा अभ्रा आठवड्यातून दोनदा बदला.

२. गोरेपणाची क्रीम. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय दुकानातून आणलेल्या क्रीमच्या ट्यूबवर बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलंय का पाहा. ही स्टेरॉइडं आहेत. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लावल्यास त्यांनीच मुरूम येतात, त्वचा पातळ होते. एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवा.

३. जिमची पावडर. व्हे प्रोटीन म्हणजे दुधाच्या निवळीतलं प्रथिन. ते इन्शुलिन चांगलंच वाढवतं, आणि ते घेणाऱ्या तरुणांमध्ये छाती-पाठ-चेहऱ्यावर मुरूम उठल्याच्या नोंदी अनेक आहेत. चाचणीपुरतं बंद करा. प्रथिन कमी पडणार नाही, त्याचा हिशेब टप्पा ४ मध्ये आहे.

४. बी-१२ आणि बायोटिन. बी-१२च्या मोठ्या मात्रेने काहींना एकाएकी, एकसारख्या पुळ्या येतात. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलं असेल तर स्वतःहून थांबवू नका, फक्त विचारा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना आणि लॅबमध्ये सांगा. थायरॉइडसारख्या काही तपासण्यांचे आकडे त्याने चुकतात.

५. चेहरा धुणं. दिवसातून दोनदा, सौम्य फेसवॉशने. सध्या जो आहे तोच ठेवा. चाचणीच्या काळात नवं काहीही चेहऱ्याला लावू नका.

> तपासा: हे पाच मुद्दे आवरल्यावर महिनाभर थांबा. कपाळावरचे दाणे तेवढ्यानेच कमी झाले, तर आहाराची चाचणी लागणारही नाही.

टप्पा ३: सुरुवातीची नोंद

नोंद नसेल तर चाचणीच नाही. आरसा रोजचा असल्यामुळे गेल्या महिन्यातला चेहरा कसा होता हे कुणालाच आठवत नाही.

फोटो. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी चेहरा धुतल्यावर अर्ध्या तासाने. जागा एकच: खिडकीसमोर, ऊन थेट न पडता. समोरून, डावीकडून, उजवीकडून असे तीन फोटो. मोबाइलचा ब्यूटी मोड बंद. हा मोड काही फोनमध्ये आपसूक चालू असतो आणि निम्मे मुरूम पुसून टाकतो. सेटिंगमध्ये जाऊन खात्री करा.

मोजणी. कपाळ, डावा गाल, उजवा गाल, नाक-हनुवटी असे चार भाग करा. प्रत्येक भागात दोन आकडे लिहा: लाल किंवा पू असलेल्या पुळ्या किती, आणि ब्लॅकहेड-व्हाइटहेड किती.

इथे हमखास चूक होते ती डागांची. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर मुरूम बसल्यावर तपकिरी डाग उरतो आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. डाग मोजले तर आकडा कधीच उतरणार नाही. बोटाचं टोक हलकेच फिरवा. उंचवटा लागला किंवा दुखलं तर मुरूम. सपाट लागलं तर डाग, तो सोडून द्या. डागांसाठी पथ्य नाही, सनस्क्रीन लागतं.

किती दिवस. मुलग्यांनी दोन आठवडे. ज्यांना पाळीच्या आधी मुरूम वाढतात त्यांनी एक पूर्ण चक्र, आणि पुढेही तुलना चक्राच्या त्याच दिवसांची करायची. पाळीआधीच्या आठवड्याची पाळीनंतरच्या आठवड्याशी तुलना केली तर काहीही सिद्ध करता येईल.

या काळात नेहमीचंच खा, पण सगळं लिहा. ‘चहा’ एवढं पुरत नाही. ‘चहा १ कप, साखर २ चमचे, सोबत ४ बिस्किटं’ असं लिहा. झोपेचे तासही लिहा.

टप्पा ४: साखर आणि झटपट पचणारं पिष्ट (१२ आठवडे)

सुरुवात इथूनच करायची, कारण मुरूम आणि आहाराच्या संबंधात त्यातल्या त्यात बरा पुरावा याच बाजूला आहे. गोड किंवा मैद्याचं खाल्लं की रक्तातली साखर झपाट्याने चढते, मागोमाग इन्शुलिन चढतं. इन्शुलिन आणि त्यासोबत वाढणारं आयजीएफ-१ हे वाढीचं संप्रेरक तैलग्रंथींना जास्त तेल सोडायला लावतात आणि छिद्राच्या तोंडाशी पेशींची दाटी करतात.

मेलबर्नमधल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मुरूम असलेले १५ ते २५ वयाचे ४३ मुलगे, १२ आठवडे. साखर हळू चढवणारा, जास्त प्रथिनांचा आहार घेतलेल्यांचे मुरूम सरासरी २३-२४ने कमी झाले. पण ज्यांनी नेहमीसारखंच खाल्लं त्यांचेही १२ने कमी झाले. हा दुसरा आकडा नीट लक्षात ठेवा: काही न करताही मुरूम उतरतात. शिवाय आहार बदललेल्यांचं वजनही घटलं होतं, त्यामुळे श्रेय नेमकं कुणाला हे तिथेही पुरतं सुटलेलं नाही.

पहिला आठवडा: फक्त पेयं. साखर सगळ्यात जास्त इथूनच जाते. दिवसाला चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे सुमारे ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असणं उत्तम. चहात अर्धा चमचा, तोही दोन कप. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, दुधात घालायच्या पावडरी बंद. उसाच्या रसाचा मोठा ग्लासही बंद. त्यात एकट्यात २५ ग्रॅमच्या वर साखर असते. ताक, नारळपाणी, बिनसाखरेचं कोकम चालेल.

> सावधान: साखरेऐवजी गूळ किंवा मध घातला तर चाचणी सुरूच झालेली नाही. शरीरात दोन्हींचा हिशेब साखरेसारखाच लागतो.

दुसरा आठवडा: न्याहारी आणि मधली खाणी. बिस्किटं, खारी, टोस्ट, पाव, कॉर्नफ्लेक्स, फरसाण काढा. तेलकट खाल्ल्याने चेहऱ्याला तेल सुटतं हा समज खरा नाही. ताटातलं तेल छिद्रांतून बाहेर येत नाही. वडापाव टाळायचा तो मैद्याचा पाव आणि बटाटा यांच्या जोडीमुळे. पोहे-उपमा सोडायची गरज नाही, प्रमाण उलटवा: पोहे निम्मे, त्यात मटार आणि मूठभर शेंगदाणे, वर लिंबू. सोबत अंडं किंवा वाटीभर मोडाचे मूग. मुगाचं धिरडं, थालीपीठ, नाचणीची बिनसाखरेची आंबील हे सगळं चालेल.

तिसऱ्या आठवड्यापासून: जेवण. १५० मिलिलिटरची वाटी माप म्हणून धरा.

- भात शिजलेला १ वाटी, तोही वरण किंवा आमटी घातलेला. नुसता साखर-तूप-भात नको.
- २ ज्वारी-बाजरीच्या भाकऱ्या किंवा २ पोळ्या. मैद्याची पोळी, नान, रुमाली नको.
- भाजी २ वाट्या, त्यात बटाटा धरायचा नाही. कोशिंबीर वेगळी.
- उसळ किंवा घट्ट वरण १ वाटी.
- फळ अख्खं, जेवणाला जोडून. हापूसची एक फोड-दोन फोडी चालतील. साखर घातलेला आमरस वाटीने नको.

प्रथिनाचा हिशेब इथे बहुतेकांचा चुकतो. मोठ्या माणसाला किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम लागतं, म्हणजे ५५ किलोला ४६ ग्रॅमच्या आसपास. ३० ग्रॅम कोरड्या कडधान्याच्या उसळीत साधारण ७ ग्रॅम, ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७, एका अंड्यात ६, वाटीभर दह्यात ५, चार भाकऱ्या-पोळ्यांत मिळून १४-१५. वरणाचेही ७ मिळतात, पण वाटीत ३० ग्रॅम डाळ असेल तर. खानावळीतलं किंवा मेसमधलं पातळ वरण बहुतेक पाणीच असतं. ते निम्मंसुद्धा धरू नका. प्रथिन कमी पडलं की चार वाजता भूक खवळते आणि हात बिस्किटांकडे जातो. पथ्य मोडण्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं.

उपवासाचं काय? श्रावणात आणि एकादशीला महिनाभराची मेहनत साबुदाण्यात जाते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. प्रथिन आणि चोथा नावापुरता. त्यात बटाटा आणि वर साखर घातली की मैद्यापेक्षा वेगळं काही उरत नाही. उपवास ठेवा, पदार्थ बदला: भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी किंवा थालीपीठ, दही-काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं बेताने. राजगिऱ्याचा लाडू गुळाचा असतो, तो गोडातच मोजा.

> सावधान: पोटाला मारू नका. मुळात सडसडीत असलेल्या, वाढत्या वयातल्या मुलामुलींनी भात-पोळी कमी केली तर तितकं डाळ, दाणे, अंडी, भाजी वाढलंच पाहिजे. खाणं एकदम तोडलं तर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळू लागतात, आणि तोवर कारण विसरलेलं असतं. खाण्याच्या विकाराचा इतिहास असेल तर ही चाचणी करूच नका.

> तपासा: चौथ्या आठवड्यात आकडा तसाच किंवा थोडा वाढलेला दिसला तर घाबरू नका, जुनी बुचं बाहेर पडत आहेत. आठवड्यातून एखादं लग्नाचं जेवण झालं तर लिहून पुढे चला. तीन-चार दिवस सलग मोडलं, तर तेवढेच दिवस मुदत वाढवा.

निकाल काढताना एका आठवड्याचा आकडा घेऊ नका. ९ ते १२ या चार आठवड्यांची सरासरी सुरुवातीच्या सरासरीशी ताडा. २० वरून १७ ही नेहमीची चढउतार आहे. निम्म्यावर किंवा त्याखाली आलं तर आहाराचा वाटा असण्याची शक्यता चांगली. मधल्या आकड्यांवर आणखी महिनाभर तसंच चालवा.

टप्पा ५: दूध (८ आठवडे, गरज असेल तरच)

टप्पा ४ ने चेहरा पुरेसा निवळला असेल तर दुधाला हात लावू नका. दुधाबद्दलचा पुरावा मुख्यतः लोक काय खातात-पितात याच्या पाहणीतून आला आहे. दूध जास्त पिणाऱ्यांत मुरूम थोडे जास्त आढळले, साय काढलेल्या दुधातही. दही-चीजबाबत तसा स्पष्ट संबंध दिसत नाही.

म्हणून क्रम असा: टप्पा ४चं जेवण तसंच ठेवून फक्त ग्लासातलं दूध, मिल्कशेक, कोल्ड कॉफी, खीर, बासुंदी आणि आइस्क्रीम बंद. चहातलं दोन-तीन चमचे दूध आणि दही-ताक राहू द्या. आठ आठवडे मोजणी चालूच.

कॅल्शियमची सोय पहिल्या दिवसापासून करा: नाचणीची भाकरी रोज एक, तिळाची चटणी दोन चमचे, दही किंवा ताक दोन वेळा, राजगिऱ्याची पालेभाजी. वाढत्या वयातल्या मुलांचं दूध घरच्या घरी महिनोन्‌महिने बंद ठेवू नका.

‘गाईचं प्यावं की म्हशीचं’, ‘ए-टू घ्यावं का’ हे प्रश्न या चाचणीत आणू नका. बंद म्हणजे बंद. नाहीतर निकाल लागणार नाही.

टप्पा ६: परत आणून पाहा

खरी परीक्षा हीच, आणि बहुतेकजण हीच टाळतात. ज्या बदलाने फरक पडला असं वाटतं ती गोष्ट पुन्हा सुरू करा, एका वेळी एकच, आणि चार ते सहा आठवडे मोजत राहा. रोज ग्लासभर दूध सुरू करूनही आकडा हलला नाही, तर दूध निर्दोष आहे. आयुष्यभर टाळायचं कारण नाही. वाढला तर किती प्रमाणात चालतं ते शोधा. कुणाला आठवड्यातून दोनदा चालतं, कुणाला चहापुरतंच.

परीक्षा, जागरण किंवा गावबदल याच काळात आला तर ही पायरी पुढे ढकला.

सर्रास होणाऱ्या आणखी काही चुका

दिवसाला चार-पाच लिटर पाणी प्यायल्याने मुरूम जात नाहीत. तहानेप्रमाणे प्या, लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

गाजर-बीटचा रस गाळून रोज प्यायल्याने फळभाजीतला चोथा जातो आणि साखर राहते. गाजर-पपई महिनोन्‌महिने अति खाल्ली तर तळहात पिवळे पडतात. त्याला उजळपणा समजू नये आणि कावीळही. काविळीत डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा होतो, इथे होत नाही.

चेहरा फिका, थकल्यासारखा दिसत असेल तर मुरमांच्या पथ्याने तो सुधारणार नाही, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. जेवणाला लागूनचा चहा लोह शोषू देत नाही. तासभर अंतर ठेवा आणि पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा. जस्ताच्या गोळ्या ऐकीव माहितीवर सुरू करू नका. जास्त झाल्या तर मळमळ होते आणि दीर्घकाळ घेतल्यास शरीरातलं तांबं घटतं.

काहीच फरक पडला नाही तर

मग तुमच्या मुरमांत आहाराचा वाटा मोठा नाही, आणि हे कळणंही उपयोगाचं आहे. वही आणि फोटो घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा; इतकी नीट माहिती त्यांना क्वचित मिळते. औषध सुरू झाल्यावर खाण्याच्या वेळा मात्र सांभाळाव्या लागतात.

डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकाची गोळी ग्लासभर पाण्यासोबत, बसून घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर जखम करते. दूध, लोह किंवा कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको, दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. उन्हात चेहरा लवकर भाजतो, टोपी आणि सनस्क्रीन हवं.

आयसोट्रेटिनॉइन ही अ जीवनसत्त्वाच्या कुळातली गोळी उपाशीपोटी घेतली तर नीट शोषली जात नाही. तूप-तेल असलेल्या मुख्य जेवणासोबत घ्या. डाएट म्हणून कोरडं खाणाऱ्यांना ती कमी लागू पडण्याचं एक कारण हेच असतं. तिच्यासोबत अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि कॉड लिव्हर ऑइल बंद. औषध चालू असताना आणि थांबल्यावर डॉक्टर सांगतील तोवर गर्भधारणा होता कामा नये, बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न ठरलेल्या मुलींनी हे पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगावं.